भूल उतरल्यानंतरच्या रात्री

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल आणि त्यांच्यावर ऑपरेशनची वेळ आली असेल, तर आमच्याकडे काय झालं ते वाचून ठेवा. आम्हाला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आम्ही इतके घाबरलो नसतो, आणि आप्पांचे हातही कदाचित बांधले गेले नसते.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय 76. कराड डेपोला एसटीत कंडक्टर होते. बरीच वर्षं कराड-चिपळूण गाडीवर काढली. कानाला मशीन आहे, जाड भिंगांचा चष्मा आहे, खालची-वरची कवळी आहे. हृदयात स्टेंट आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असते. बाकी डोकं साफ. पेन्शनचा हिशेब, गॅसचा नंबर, नातवंडांचे वाढदिवस, सगळं तोंडपाठ.

पावसाळ्यात एका सकाळी मोरीत त्यांचा पाय घसरला. आईने हाक मारली म्हणून मी धावले. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. दवाखान्यात एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. अर्धा सांधा बदलावा लागेल आणि शक्यतो दोन दिवसांच्या आत, असं सर्जननी सांगितलं. म्हातारं माणूस पडून राहिलं की न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. थांबण्यात जास्त धोका होता.

संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले. शेवटचं काय खाल्लं, दात हलतात का, आधी कधी भूल दिली होती का, घोरतात का, दारू-तंबाखू आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मी गोळ्यांची पिशवीच त्यांच्यासमोर ठेवली. त्यातली क्लोपिडोग्रेलची, म्हणजे रक्त पातळ ठेवायची, गोळी त्यांनी बाजूला काढली. ही चालू असताना कमरेत सुई टोचून अर्धं अंग बधिर करता येत नाही, मणक्यात रक्तस्राव होऊन मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, असं त्या म्हणाल्या. गोळी बंद करून पाच ते सात दिवस थांबायचं तर हाडासाठी उशीर झाला असता. म्हणून पूर्ण भूल द्यायचं ठरलं.

आप्पांना एकच भीती होती. "मॅडम, मधेच जाग आली तर?"

त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि आप्पांच्या मशीनच्या कानाशी हळूहळू बोलल्या. असं होऊ शकतं, पण फार क्वचित. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याची मोठी पाहणी झाली, तिचा अहवाल 2014 साली आला. तिथे साधारण 19 हजार भुलींमागे एका रुग्णाने नंतर तशी तक्रार केली होती. "मी पूर्ण वेळ तुमच्या उशाशी असेन. तुमच्या कपाळाला एक पट्टी लावणार आहे. मेंदू किती जागा आहे त्याचा आकडा ती दाखवते. पूर्ण जाग असली की शंभराच्या जवळ. ऑपरेशनच्या वेळी आम्ही तो चाळीस ते साठच्या मधे ठेवतो."

मग त्यांनी औषधाचं सांगितलं. शिरेतून प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध देतात. मिनिटभरात शुद्ध हरपते. नंतर सेवोफ्लुरेन नावाचा वायू नळीतून चालू ठेवतात. मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा नावाचं. ही औषधं त्याचा जोर वाढवतात. पेशी एकदम गप्प होतात आणि मग ठरावीक अंतराने थोड्या वेळापुरत्या जाग्या होतात. पट्टीला जोडलेल्या पडद्यावर तेव्हा मोठ्या, संथ लाटा दिसतात.

"म्हणजे गाढ झोपच की," आप्पा म्हणाले.

मॅडम नाही म्हणाल्या. झोपलेल्या माणसाला हलवलं तर तो उठतो, सुरी लागली तर नक्कीच उठतो. भुलीत तसं होत नाही. झोपेत मेंदू आपल्या पाळ्या बदलत असतो, स्वप्नं बघतो. भुलीत त्याला एका जागी धरून ठेवलेलं असतं. ती कोमाच्या जवळची अवस्था आहे, फक्त हवी तेव्हा परत आणता येते. मेंदूचा एकेक भाग थोडंफार काम करत असतो, पण त्यांचं आपसातलं बोलणं तुटलेलं असतं. आप्पा कंडक्टर होते हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "डेपोत गाड्यांची इंजिनं चालू आहेत, पण एकही गाडी दुसऱ्या गावाला पोचत नाही, असं समजा."

आप्पांना ते पटलं. त्यांनी संमतीपत्रावर सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली गेली. दोनेक तासांनी सर्जन बाहेर आले. सगळं छान झालं म्हणाले. रिकव्हरीत मला आत सोडलं तेव्हा आप्पांनी मला ओळखलं. "आई जेवली का?" असं विचारलं. घसा खरखरत होता, तो नळीमुळे. मला हायसं वाटलं. पहिली रात्र त्यांना आयसीयूत ठेवणार होते. तिथे नातेवाइकांना थांबू देत नव्हते. पिशवी माझ्याकडेच राहिली.

मध्यरात्रीनंतर फोन आला. "पेशंट ऐकत नाहीयेत, लगेच या."

मी आणि दादा धावत गेलो. आप्पांची दोन्ही मनगटं पट्टीने कॉटच्या कठड्याला बांधलेली होती. सलाईनची सुई उपसली होती, चादरीवर रक्ताचे डाग होते. लघवीची नळी ते बोटांनी धरून ओढत होते. दोनदा ओढायचे, थांबायचे, परत दोनदा. मला आधी काही कळलं नाही. मग ते ओरडले, "चला, पुढं सरका. मागची माणसं आत घ्या." ते डबल बेल देत होते. गाडी त्यांच्या मते मल्हारपेठला उभी होती आणि ड्रायव्हर ती सोडत नव्हता.

मी "आप्पा" म्हणून हाक मारली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, सुट्टे द्या." मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. मला रडू आलं त्यापेक्षा भीती जास्त वाटली. माणूस हाडासाठी आत गेला आणि डोकं गमावून बाहेर आला, असंच मनात आलं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. आप्पा थोडा वेळ शांत झाले. पहाटे पुन्हा सुरू झाले, आणि आधीपेक्षा जास्त. अंगावरच्या चादरीतून काहीतरी वेचत होते. समोरच्या भिंतीवर माणसं उभी आहेत म्हणत होते.

सकाळी नातेवाईक जमले. कुणी म्हणालं वात झाला, कुणी म्हणालं भूल डोक्यात गेली. दादा चिडला होता. पाच-सात दिवस थांबून कमरेतूनच भूल द्यायला हवी होती, असं तो परत परत म्हणत होता. एका मावशींनी हळूच सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांनाही असंच झालं होतं आणि ते नंतर कधी नीट झालेच नाहीत. आईने ते ऐकलं. ती दिवसभर जेवली नाही.

दुपारी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांनी आधी मनगटावरच्या पट्ट्या सोडायला लावल्या. मग आप्पांच्या समोर बसून म्हणाल्या, "आठवड्याचे वार उलटे सांगा बघू. रविवारपासून." आप्पा म्हणाले, "रविवार, शनिवार..." आणि थांबले. मग म्हणाले, "पाटण." मॅडमनी मान हलवली. लक्ष एका गोष्टीवर टिकत नाही, सकाळी थोडं बरं आणि रात्री जास्त, अचानक सुरू झालं, ही सगळी डिलिरियमची, म्हणजे भ्रमाची, लक्षणं आहेत, असं त्या म्हणाल्या. वेड लागलेलं नाही. म्हातारपणी मोठ्या ऑपरेशननंतर, त्यातही खुब्याच्या, हे नेहमी दिसतं. बहुतेक जण यातून बाहेर येतात.

त्यांच्या त्या वाक्याने मला पहिल्यांदा श्वास घेता आला.

दादाने त्यांना सरळच विचारलं, "कमरेतून भूल दिली असती तर हे टळलं असतं ना?" त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, आम्हालाही पूर्वी तसंच वाटायचं. पण 2021 साली खुब्याच्या रुग्णांवरचे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, एक चीनमधला आणि एक अमेरिका-कॅनडातला. मिळून अडीच हजारांहून जास्त रुग्ण होते. निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना कमरेतून. भ्रम होण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक दिसला नाही. भुलीची औषधं काही तासांत शरीरातून जवळजवळ निघून जातात. आप्पा तर दुपारी नीट बोलले होते, गोंधळ रात्री सुरू झाला. हाड मोडलं, मांस कापलं गेलं, त्याची सूज रक्तातून मेंदूपर्यंत पोचते. वेदना, जागरण, अनोळखी जागा, नळ्या हे त्यात मिळतं. तरुण मेंदू हे पेलतो. वयाबरोबर ती ताकद कमी होते. म्हणूनच वयस्कर माणसाला औषधही कमी लागतं. तरुणाएवढा डोस दिला तर पडद्यावरच्या लाटा मधे मधे चक्क सपाट होतात. आप्पांचा डोस त्यांनी पट्टी बघून कमी ठेवला होता.

"मग कारण शोधू या," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी लक्षात ठेवलं आहे. डिलिरियम दिसला की झोपेचं इंजेक्शन देऊन गप्प करायचं नसतं, मागे काय आहे ते शोधायचं असतं.

त्यांनी सर्जन आणि फिजिशियनशी बोलून यादी केली. पडताना डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन केला. तो स्वच्छ निघाला. ऑक्सिजन ठीक होता. रक्तात सोडियम 128 होतं, ते 135 च्या वर हवं. बीपीच्या गोळीत लघवी जास्त करणारं औषध होतं, ती बदलली. सोडियम हळूहळू वाढवायचं असतं, म्हणून दिवसातून दोनदा रक्त तपासलं. लघवीची नळी काढून टाकली. ती खुपत होती आणि जंतुसंसर्गालाही तीच वाट असते. पोट साफ झालं नव्हतं, त्याचं औषध दिलं. दुखतंय का विचारलं की आप्पा नाही म्हणायचे, पण कुशीवर वळवताना त्यांचा चेहरा आवळला जायचा. मॅडमनी तेवढ्यावरून ओळखलं. "दुखेल तेव्हा" हा शेरा खोडून पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला सुरू केलं. रात्री दिलेलं झोपेचं इंजेक्शन ज्या गटातलं होतं ती औषधं म्हाताऱ्या माणसात गोंधळ वाढवतात, ते पुन्हा देऊ नये असं त्यांनी कागदावर लिहिलं. खाज आली तर देतात ती ॲलर्जीची जुनी गोळीही नको म्हणून लिहिलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "चष्मा आणि मशीन कुठे आहे?"

मी पिशवी पुढे केली. कानाला नीट ऐकू येत नाही, डोळ्याला धूसर दिसतं आणि तोंडात दात नाहीत, अशा माणसाला अनोळखी खोलीत रात्री जाग आली तर त्याने काय समजावं, असं त्या म्हणाल्या. आम्ही तिथेच मशीन लावलं. नवे सेल घातले. चष्मा पुसून दिला. आप्पांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवरची माणसं म्हणजे सलाईनचे स्टँड आणि टांगलेले गाऊन होते.

त्याच दिवशी त्यांना वॉर्डात खिडकीजवळची कॉट मिळाली आणि घरचं एक माणूस चोवीस तास थांबायची परवानगी मिळाली. आम्ही घरून भिंतीवरचं घड्याळ आणि कालनिर्णय आणलं. आई सकाळी येऊन आज वार कोणता, आपण कुठे आहोत, पायाला काय झालं, हे सांगायची. वाद घालायचा नाही, हे मॅडमनी बजावलं होतं. ते गाडीत आहेत म्हणाले तर "तुम्ही चुकताय" म्हणायचं नाही. हात धरायचा आणि म्हणायचं, "आप्पा, मी आहे. आपण दवाखान्यात आहोत." एकदा, शांतपणे. फिजिओथेरपिस्टने त्यांना वॉकर धरून उभं केलं. दिवसा खुर्चीत बसवलं. रात्री दिवे मालवले, मोबाइल बंद केले. गरज नसेल तर पहाटे उठवून बीपी घेऊ नका, अशी सिस्टरना विनंती केली. त्यांनी ऐकलं.

सुधारणा एकदम झाली नाही. एका दुपारी आप्पा माझ्याशी नातवाच्या शाळेबद्दल बोलले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी आईला तिकीट मागितलं. मी खचले. अंधार पडायला लागला की माझ्याच छातीत धडधडायचं. मॅडम म्हणाल्या, चढउतार हा या आजाराचा स्वभावच आहे, रोजचा हिशेब करू नका. त्या आल्या की उलटे वार विचारायच्या. आधी बुधवारपर्यंत जमलं. मग एकदा आप्पा सोमवारपर्यंत आले आणि म्हणाले, "मॅडम, हे किती वेळा विचारणार?" त्या दिवशी आई नीट जेवली.

वॉर्डात शेजारच्या कॉटवर एक आजी होत्या. त्यांचंही हाडाचं ऑपरेशन झालेलं. त्या दिवसभर डोळे मिटून पडून असत. काही मागत नसत. घरचे म्हणायचे, आमची आजी शांत आहे, दमली आहे. मी मनात म्हणायचे, किती सोपा पेशंट. एकदा जाताजाता मॅडमनी त्यांनाही वार विचारले. आजींनी डोळे उघडले, बघितलं आणि परत मिटले. तोही डिलिरियमच निघाला, गप्प प्रकारचा. आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. गप्प पडलेला तसाच राहून जातो, खाणंपिणं सुटतं आणि त्याचे परिणाम जास्त वाईट होतात. आजींना लघवीचा जंतुसंसर्ग होता. ऑपरेशननंतर म्हातारं माणूस नेहमीपेक्षा फार झोपाळू, फार गप्प वाटलं तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आप्पा घरी आले तेव्हा गोंधळ जवळजवळ गेला होता. तरी काही आठवडे नावं अडायची, पेन्शनचं पासबुक हातात घेऊन नुसते बसायचे. मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. ज्यांना असा भ्रम होतो त्यांच्यात पुढे विसराळूपणाचा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून तीनेक महिन्यांनी स्मरणशक्तीची तपासणी करायला सांगितली होती. ती केली. वयाच्या मानाने ठीक आहे. हिशेब आता पुन्हा तेच करतात, पण दोनदा तपासतात.

त्या रात्रींमधलं थोडं आप्पांना आठवतं. हात बांधलेले आठवतात. "मला वाटलं मला धरून नेलंय," एवढंच ते एकदा म्हणाले. मी त्यावर काही बोलू शकले नाही. त्यांना लाज वाटत होती, की आपण सिस्टरना काय काय बोललो असू. आम्ही त्यांना सांगितलं, हा आजार होता, तुम्ही नव्हता.

पुढे त्यांच्या मोतीबिंदूची वेळ आली. तेव्हा मी फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून नेलं: मागच्या ऑपरेशननंतर डिलिरियम झाला होता. सोडियम कमी झालं होतं. झोपेच्या कुठल्या औषधाने त्रास वाढला त्याचं नाव. चालू गोळ्यांची यादी. कानाला मशीन आहे, ते शेवटच्या क्षणापर्यंत कानात ठेवावं आणि ऑपरेशन संपताच परत लावावं. तिथल्या डॉक्टरांनी ते वाचलं, डोळ्यात थेंब टाकून तेवढाच भाग बधिर केला, गुंगीचं औषध दिलंच नाही. आप्पा त्याच दिवशी घरी आले.

तुमच्याकडे वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनइतकंच त्यांच्याशी बोलणं महत्त्वाचं आहे. हल्ली विसरायला होतं का, कधी आजारपणात बरळले होते का, झोपेची गोळी रोज लागते का, दारू किती, हे न लपवता सांगा. नंतर भ्रम झाला तर कुणाला बोलवायचं आणि घरचं माणूस जवळ थांबू शकेल का, हे विचारून घ्या. आणि तसं झालंच तर हात बांधू देण्याआधी, झोपेचं इंजेक्शन देऊ देण्याआधी, कारण शोधलं का एवढं नक्की विचारा. काही वेळा रुग्णाच्या जिवाला धोका असतो आणि औषध द्यावंच लागतं, ते डॉक्टर सांगतील. पण विचारायचा हक्क तुमचा आहे, आणि त्या अवस्थेत तुमच्या माणसाला स्वतःसाठी विचारता येत नसतं.